बत्तीस आणि चुन्याची रेघ

दहावीतून शाळा सुटली आणि कृष्णाकाठ सोडून मी पार जळगाव जामोदला, सातपुड्याच्या पायथ्याशी, धरणाच्या कामावर आलो. ट्रंकेत एकच पुस्तक होतं, भौतिकशास्त्राचं. ते अर्धंच शिकून झालेलं. तरी मुकादम मला मास्तर म्हणायचे.

कड्याखाली बाया खडी फोडायला बसत. त्यातल्या एका मावशीनं पहिल्या आठवड्यापासून मला रोज अर्धी भाकर दिली. "दुरून आलं पोरगं, उपाशी काऊन राह्यलं पाह्यजे?" एवढंच म्हणायची. त्या भाकरीवर मी टिकलो.

तोवर वरचा दगड टोपल्यांनी खाली टाकत. मग रुळावरची ढकलगाडी आली. कड्याच्या टोकाला लाकडी ओंडका. गाडी त्यावर अडणार, दगड तसेच पुढं जाणार. मुकादमांनी विचारलं, "मास्तर, गोटा किती दूर पडन? बाया कुठं उभ्या करू? तुह्या पुस्तकात आहे का बे हे?"

होतं. शाळेत सरांनी टाकीवरून एक खडा सरळ सोडला होता आणि त्याच क्षणी दुसरा आडवा फेकला होता. दोन्ही एकदमच जमिनीला लागले. म्हणजे आधी उंचीवरून पडायचा वेळ काढायचा, मग त्याला आडव्या वेगानं गुणायचं. कडा वीस मीटर. गाडीचा वेग सेकंदाला चार मीटर, घड्याळ लावून मोजलेला. वेळ आला एक सेकंदाहून थोडा जास्त, अंतर साडेचार मीटर. जपून असावं म्हणून मी सात मीटरवर चुन्याची रेघ मारली. मुकादम बायांना म्हणाले, "रेघेमागं उभं राहायचं. मास्तरनं हिशेब केला आहे."

बाया अगदी रेघेला चिकटून उभ्या राहिल्या. दगड जितका जवळ, तितकी ओढाताण कमी. मावशी सगळ्यात पुढं.

पहिली गाडी आली. अडली. दगड रेघ ओलांडून पडले.

मावशीचं पाऊल एका दगडाखाली सापडलं. तालुक्याच्या दवाखान्यात ते घोट्यापासून काढावं लागलं. मुकादम म्हणाले, "गोट्याचा काय भरवसा!" सगळ्यांना ते पटलं. मी झोपडीत कागद पुन्हा काढला. गुरुत्वाच्या जागी बत्तीस. शाळेत फुटांत घोकलेलं बत्तीस, आणि कामावरची टेप मीटरची. तिथं नऊ पूर्णांक आठ दशांश हवं होतं. वेळ दोन सेकंद, अंतर आठ मीटर.

दवाखान्यात जाऊन मावशीला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं.

"मुकादमाले सांगितलं?"

"नाही. आज सांगतो."

"नको सांगू. हाकलून देईन तो तुले. मंग रेघ कोन मारन? त्याले तं येवढंबी येत नाही." मग म्हणाली, "माही पोरगी उद्यापासून बसन तिथं. माह्या जागेवर. आता बरोबर काढ, बाप्पा."

मी मुकादमांना सांगितलं नाही. भीतीही होती, आणि तिनं दिलेली ती सूट मला हवीच होती, हे आज लपवत नाही. सकाळी बारा मीटरवर नवी रेघ मारली. तीनदा टेप लावली. मावशीची मुलगी बोटांना चिंध्या बांधून आली. रेघेकडं तिनं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आणखी दहा पावलं मागं जाऊन उभी राहिली. बाकीच्या बायाही तिच्यामागं गेल्या.

रेघेवर कुणीच उरलं नाही. गाडी यायच्या आधी मी जाऊन तिथं उभा राहिलो.