आठव्या भागानंतर

त्या टीव्हीवाल्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी एक हिंदी मालिका लागायची. त्यात एका बाईचं मन यंत्रातून दुसऱ्याच बाईच्या अंगात गेलेलं. दर भागात ती आपल्या एकेका माणसाला गाठून सांगायची, मी तीच आहे. कुणी म्हणून विश्वास ठेवत नव्हतं.

राजुरीत आमच्या घरी ती कुणाला आवडायची नाही. "भूत बी न्हाई, देव बी न्हाई, मंग बगायचं काय?" असं चुलते करवादायचे. मी आणि माझी थोरली बहीण मात्र धुणं तसंच टाकून टीव्हीपुढं बसायचो. ताईला एकच घोर लागलेला, त्या बाईला तिची आई तरी ओळखेल का.

चौथा भाग झाला आणि ताईचं लग्न झालं. आळे गावाला तिच्या सासरी मी पाठराखीण म्हणून गेले. ताटात तांदूळ पसरले, दाजींनी अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले. मला राहवेना. "पहिलं काय वाईट व्हतं?" मी विचारलं.

सासूबाई हसल्या. "आमच्यात बदलत्यात, पोरी. रीतच हाये." ताईला कुणी विचारलं नाही. मी पेढा तसाच खाली ठेवला.

निघताना ताईनं माझा हात धरला. "हितं टीव्हीपुढं समदी गडीमाणसं बसत्यात. तू बगत जा. शेवट झाला की कार्ड टाक. तिला आई वळखती का, येवढंच लिव."

मी एक भाग चुकवला नाही. लाईट गेली की वायरमनच्या नावानं बोटं मोडायची. आठव्या भागात ती बाई एकदाची आईच्या दारात आली, तिनं कडी वाजवली आणि भाग संपला. पुढच्या रविवारी त्या वेळेला गाणी! त्याच्या पुढच्या रविवारीही गाणीच. अरे, दार तरी उघडायचं होतं, राव! मी टीव्ही केंद्राला कार्ड लिहिलं. उत्तर कसलं येतंय!

मग ताईला कार्ड टाकलं. 'मालिका बंद पडली. दार उघडलंच नाही.' पत्त्यात मुद्दाम, हट्टानं, तिचं माहेरचं पूर्ण नाव घातलं. पंधरा दिवसांनी कार्ड परत आलं. वर लाल शाईत शेरा होता, 'या नावाचे कोणी राहत नाही.' आई म्हणाली, "आगं येडे, सासऱ्याचं नाव घालायचं व्हतं. एवढ्या मोठ्या गावात पोस्टमननं कुठं हुडकायचं?" चूक माझीच होती, म्हणून तर जास्त चिडले.

दिवाळीला ताई आली. ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी ते कार्ड घेऊन मागून आले आणि तिला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली. ती निवडतच राहिली. पुन्हा मारली, मोठ्यानं. तरी नाही. मग जे नाव तोंडात घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, त्या नावानं हाक मारली.

"ओ! काय गं?" ती झटकन वळली. मला बघून तिचा चेहरा फुलला. "सांग की, वळखलं का तिला आईनं?"

मी कार्ड पाठीमागं चुरगाळलं.

"वळखलं," म्हणाले. "दारातच वळखलं."