शालूतला सातवा धागा

लेडीज टेलरच्या दुकानात कतरणीपेक्षा किस्से जास्त साठतात. कतरण निदान उशीत भरता येते, किस्स्यांचं काय करायचं? अमरावतीच्या देवराव मास्तरांच्या दुकानात मी बावीस वर्षं फॉल-पिको करतेय. चार बायका जमल्या की कोणीतरी म्हणतंच, "छाया, थो शालूचा सांग." पण शालूच्या आधी मास्तर सांगावे लागतात. नाहीतर तुम्ही म्हणाल, एका धाग्यापायी सत्तरीचा माणूस डिसेंबरच्या थंडीत रस्त्यावर रात्र काढतो, म्हणजे डोकं फिरलं असेल!

*

मास्तरांचा नियम असा. कपडा पूर्ण शिवून झाला तरी एक कच्चा धागा ते आत ठेवतात. पांढराच, म्हणजे राहिला तर दिसावा. बाई ट्रायलला आली, घालून आरशासमोर फिरली, मास्तरांनी लांबून पाहून मान हलवली, की मी पडद्याआड जाऊन तो धागा ओढून काढायचा. मास्तर म्हणतात, "धागा अंगावर निघाला का कपडा बाईचा. तोपर्यंत माहा."

एकदा कॉलेजातल्या एका प्राध्यापिका मॅडमनी मुलीच्या हळदीच्या दिवशी ब्लाऊज न्यायला ड्रायव्हर पाठवला. मास्तरांनी त्याला हात हलवत परत पाठवलं. तासाभरात मॅडम स्वतः आल्या. दोन्ही हातांवर ओली मेंदी, तोंडात अंगार. आख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं बोलल्या. मास्तर ऐकून घेऊन म्हणाले, "आता आलाच आहात तर घालून पाहा."

मेंदीच्या हातांना जपत आम्ही त्यांना ब्लाऊज चढवला. उजवी बाही बोटभर घट्ट! मास्तरांनी दहा मिनिटांत सैल करून दिली. आता त्या मॅडम सगळ्यांना सांगतात, "माणूस एक नंबरचा उद्धट आहे. शिवायचं मात्र तिथेच."

*

आमच्या दुकानातलं तिसरं माणूस म्हणजे बेबीताई. काज, हुक आणि हातशिलाई तिच्याकडे. रोज भातकुलीहून एसटीने येते. हात सोन्याचा आणि तोंडाला कुलूप नाही.

अकोल्याच्या पुढे तासाभरावर एक जुनं राजघराणं आहे. नाव सांगत नाही. संस्थान कधीचंच गेलं, पण गाव अजून राजेसाहेब म्हणतं आणि लग्न असलं की वरात पाहायला चार तालुके लोटतात. त्या घरातल्या मुलीला लग्नात पणजीचा लाल शालू नेसायचा होता. शालू इतका जुना की घडीवर घडी विरलेली. मुंबईच्या मोठ्या माणसांनी हात लावायला नकार दिला. त्यांच्या ड्रायव्हरची बायको आमची गिऱ्हाईक, ती म्हणाली, अमरावतीला एक म्हातारा आहे, त्याला दाखवून पाहा.

शालू टेबलावर पसरला तेव्हा मास्तरांनी आधी जाऊन साबणाने हात धुतले. मग दुसऱ्यांदा धुतले. बेबीताईने तेवढ्यात ब्लाऊजच्या बाहीच्या गोलाईवरून विचारलं, "मास्तर, राण्याइचे मुंढे बी आपल्यासारखेच असतात ना?"

मास्तर म्हणाले, "मुंढा सारखाच असते. नखरा वेगळा असते."

अकरा दिवस मास्तरांनी मशीन चालू केलं नाही. शालूच्या मागून मलमलचं अस्तर, सगळं हातानं. दुपारचं जेवण विसरायचे. मी डबा पुढे ठेवला की म्हणायचे, तेलाचा हात लागन. माणसाने आपल्या कामावर इतका जीव लावावा, हे मी तेव्हा जवळून पाहिलं आणि खरं सांगते, स्वतःची थोडी लाज वाटली.

*

बाराव्या दिवशी सकाळी गाडी आली. नवरी ट्रायलला येणार होती, ती आलीच नाही. दुसऱ्याच दिवशी वरात, लग्नघरची घाई. मास्तर "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत शालू गेला.

काढलेले कच्चे धागे मास्तर एका पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवतात. घाईत ट्रायलचा धागा निघाला की राहिला याची खात्री नव्हती, म्हणून दुपारी त्यांनी ते मोजले. परत मोजले. मग खुर्चीवर बसले. पदराच्या अस्तराला सात धागे टाकले होते, सहा शिवता शिवता काढायचे आणि सातवा ट्रायलला; पुठ्ठ्यावर सहाच होते.

मी म्हटलं, एक धागाच ना, कोणीतरी काढेल. मास्तरांचा चेहरा पाहवेना. ते म्हणाले, "छाया, धाग्याच्या एका टोकाले गाठ हाये. गाठीकडून ओढला तर येते. कोणी उलटीकडून ओढला तर पदर चरकन फाटते. चार पिढ्याइचा शालू हाये."

ड्रायव्हरचा फोन लागेना. त्याच्या बायकोचा लागला तर ती म्हणाली, वाड्यात पासशिवाय चिटपाखरू जाऊन नाही राहिलं. मास्तरांनी सुई, छोटी कात्री आणि चष्मा पिशवीत टाकला. म्हणाले, वाड्यात नाही तर रस्त्यावर, मी नवरीले गाठतोच. वरात सकाळी निघणार, पुढची जागा पाहिजे तर रात्रीच जाऊन बसावं लागणार. एकट्या म्हाताऱ्याला कसं सोडायचं? मी घरी फोन केला आणि बेबीताईने दुकानाचं शटर ओढलं.

निघताना मास्तरांनी आम्हा दोघींना शपथ घातली. चूक झाली हे चार जणांत बोलायचं नाही. चाळीस वर्षांचं नाव आहे.

*

अकोल्यापर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी जीप. बेबीताईच्या मांडीवर एक पुडकं होतं. विचारलं तर म्हणे ब्लाऊज पीस आहे, आहेर. मी म्हटलं, अगं आपण रस्त्यावर उभं राहून पाहणार, आहेर कोणाला?

"लग्नाले रिकाम्या हातानं जाते का कोणी? थे राजे असतीन, पन आपल्याले रीत हाये का नाही?"



पोचलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक आधीच अंथरुणं टाकून बसलेले. कोणी गोधडी आणलेली, कोणी स्टोव्ह. बेबीताईने वळणावरच्या एका बंद दुकानाचा ओटा हेरला, कारण वळणावर घोडे हळू होतात. दोन टोकांना दोन चपला ठेवल्या, मधे डबा, आणि पसरून बसली. पोळ्या, ठेचा आणि आलूची भाजी काढली. मास्तरांनी अर्धी पोळी खाल्ली असेल. पिशवी मात्र छातीशी.

*

रात्री एकच्या सुमाराला एक हवालदार आला आणि ओटा खाली करा म्हणाला. आम्ही हातापाया पडलो, ऐकेना. मास्तर मात्र त्याच्या तोंडाकडे पाहतच नव्हते. ते त्याच्या शर्टाकडे पाहत होते. म्हणाले, "साहेब, तुमचं दुसरं बटन एका धाग्यावर हाये. सकाळी राजेसायबासमोर पडन."

हवालदाराने खाली पाहिलं. खरंच की! मास्तरांनी सुई ओवली, पण बेबीताई मधे पडली. अंगावरचं कापड शिवायचं नसतं, अपशकुन. झालं, हवालदाराने शर्ट काढला आणि त्या थंडीत बनियनवर आमच्या ओट्यावर चहा पीत बसला. मास्तरांनी एक बटण लावायच्या जागी पाचही घट्ट केली, कॉलरही सरळ केली.

तेवढ्यात त्याच्या साहेबांची जीप येऊन उभी राहिली. काच खाली झाली. हे काय चाललंय?

हवालदार उठला, सॅल्यूट ठोकला आणि म्हणाला, "सर, ट्रायल चालू हाये!"

जीप गेली. ओट्याबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही.

*

पहाटे मला डुलकी लागली. जागी झाले तर शेजारची गोधडीवाली म्हातारी मास्तरांना चहा देत होती आणि म्हणत होती, "काळजी करू नोका बाप्पा, गाठीकडूनच निघन."

माझी झोपच उडाली. पलीकडचा पानवाला मास्तरांना हात जोडून गेला. चांदूर रेल्वेहून आलेलं एक कुटुंब म्हणालं, मास्तर, तुम्ही पुढे उभे राहा, आमची लेकरं मागे घेतो. आख्ख्या रस्त्याला माहीत झालं होतं! मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मी बेबीताईला कोपऱ्यात घेतलं. शपथ घेतली होती ना?

"मास्तर म्हनले, चार जनांत सांगू नोको. मी एकेकालेच सांगतलं."

*

सात वाजता वाजंत्री ऐकू आली. आधी लेझीम, मग घोडे, मग फुलांनी मढवलेली उघडी बग्गी. राजे, फेटे, तलवारी, सगळं होतं म्हणे. मी शपथेवर सांगते, मला काही आठवत नाही. मी फक्त पदर शोधत होते.

आणि दिसला. खांद्यावरून खाली आलेल्या लाल पदरावर वीतभर पांढरा धागा लोंबत होता. मास्तरांना माझ्या आधी दिसला. ते पुढे झाले आणि तिथेच थिजले. बग्गी वळणावर आली, हळू झाली, आता निघून जाणार.

तोच शिट्टी वाजली. आमचा हवालदार रस्त्याच्या मधोमध उभा होता, दोन्ही हात वर. घोडे थांबले. बग्गीतले लोक ओरडले, काय झालं, कोण आहे?

हवालदार म्हणाला, "मॅडमचे टेलर हायेत."

नवरीने वाकून पाहिलं. असेल पंचवीसेक वर्षांची. मास्तरांनी हात जोडले आणि मोठ्या मुश्किलीने एवढंच म्हणाले, "माही चूक झाली, बेटा."

ती म्हणाली, "मास्तर तुम्हीच का? पहाटेपासून आम्ही सगळ्याजणी हा धागा बघतोय. आत्याबाई ओढायला निघाल्या होत्या, मीच हात धरला. म्हटलं, ज्याने इतकं जपून शिवलंय, त्याने काहीतरी विचार करूनच ठेवला असेल." आणि तिने बग्गीतून पदर त्यांच्या हातात दिला.

मास्तरांनी चष्मा वर केला, नखाने गाठ शोधली आणि ओढला. धागा सरसर, अख्खा, बाहेर आला. पदराला चुणीसुद्धा पडली नाही. मग टाळ्या! मास्तर रडत होते. मीही रडले, कशाला लपवू? बेबीताईने तेवढ्यात ब्लाऊज पीस नवरीच्या ओटीत टाकला. नवरी हसून म्हणाली, "हा शिवून कोण देणार?"

बेबीताई म्हणाली, "ट्रायलले यावं लागन."

*

बग्गी गेली आणि गोधडीवाली म्हातारी मास्तरांच्या बाहीला धरून बसली. नवरीच्या अंगावरचा धागा आहे, तिच्या नातीचं लग्न जमत नाहीये, एक तुकडा द्या. मास्तर म्हणाले, असं काही नसतं माय. पण बेबीताईने धागा त्यांच्या हातातून घेतला आणि दातांनी बोटबोटभर तुकडे करून वाटूनही टाकला. बायकांनी ते मुलींच्या मनगटाला बांधले. आम्ही हसत हसत अमरावतीला आलो आणि विसरून गेलो.

दोन महिन्यांनी चांदूर रेल्वेहून एक बाई दुकानात आल्या. सोबत लग्न ठरलेली मुलगी आणि नवा कोरा शालू. मापं झाली, चहा झाला. बाई जायला उठल्या, परत बसल्या. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "मास्तर, तेवढा एक कच्चा धागा राहू द्याल ना आत? आमच्याकडे सगळे म्हणतात, तुमच्या हातचा लय शुभ असते."

मास्तरांनी मशीन थांबवलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कच्चं काम पाहिजे असंन," मास्तर म्हणाले, "तर बाई, समोरच्या दुकानात जा."