कॅलिओपीचं बारसं

भावाला मुलगी झाली, तेव्हा तिचं नाव वहिनीनं आधीच ठरवून ठेवलं होतं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितल्यामुळं बाळंतपणाआधीचे कितीतरी दिवस तिनं गडमुडशिंगीच्या आमच्या घरी पडून ग्रीक पुराणकथा वाचण्यात घालवले होते.

बारशाच्या आदल्या दिवशी तिनं मला बाजूला घेतलं. "वन्सं, आत्या म्हणून कानात नाव तुम्हीच सांगणार, तर आधीच सांगते. कॅलिओपी."

मी अर्थ विचारला.

"त्यांच्याकडं कलांच्या देवता म्हणजे नऊ बहिणी. त्यातली ही थोरली, काव्याची. नावाचा अर्थ, सुंदर आवाजाची."

नाव मला आवडलं, पण जिभेवर बसेना. पाळण्यासाठी फुलं ओवताना मी ते आपलं पुटपुटत होते.

बारशाला गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. मी वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, तोवर रिवाजाप्रमाणं पाठीत धपाधप गुद्दे बसत होतेच. मग तेच नाव मोठ्यानं सांगितलं.

"कल्लाप्पा?" शेजारच्या काकूंनी विचारलं. "पोरीचं नाव कल्लाप्पा ठेवलासा व्हय?"

हशा पिकला. आईचा चेहरा उतरला. तिचं माहेर कर्नाटकच्या सीमेवरचं, तिथं गल्लीगल्लीत एक कल्लाप्पा. वहिनी ओशाळून पाळण्याकडं बघत राहिली. मला तिच्यासाठी वाईट वाटलं.

"कल्लाप्पा न्हाय काकू, कॅलिओपी," मी म्हटलं. "गोड गळ्याची, असा अर्थ हाय त्याचा."

एवढ्यात गलक्यानं जागी झालेल्या बाळानं असा टाहो फोडला, की पुढचं बोलणं कुणाला ऐकूच येईना. काकूंनी तिला उचलून खांद्यावर घेतलं.

"गळा हाय की," त्या म्हणाल्या. "गोड व्हायला जरा थांबावं लागंल."

या वेळी वहिनी हसली, आईही हसली.

पोर आता बालवाडीत जाते. परवा मी आईबरोबर डेअरीत दूध घालायला गेले होते. तिथं रांगेतल्या एका बाईनं आईला नातीच्या नावाचा अर्थ विचारला. आईनं किटली खाली ठेवली.

"क्यालोपी," ती म्हणाली. "परदेशातली देवी हाय. नऊ भणींत थोरली. कविता तिच्याकडं असत्यात."

बाईनं मान डोलावली, आणि आईनं किटली मापाला पुढं सरकवली.