इस्टोनगेटची आया

ही फार जुनी गोष्ट. मी तेव्हा बुऱ्हाणपूर ठाण्यात फौजदार होतो. इंग्रजी अंमल होता.

राजपुऱ्यातली एक विधवा मुलगी एका साहेबाच्या घरी आया म्हणून विलायतेला गेली, ती परतलीच नाही. साहेबाची बदली झालेली, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला? मुलीची आई बाजाराला आली की ठाण्याच्या ओट्यावर येऊन बसायची. "साहेब, मले एवढंच सांगा, पोर जिंदी हाये का?"

एकदा शिपायाने खबर आणली की त्याच साहेबाचा खानसामा गावात परत आला आहे. त्याला बोलावून घेतलं. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "आया आगबोटीवर ताप येऊन मेली." न विचारता उत्तर देणाऱ्याला मी आधी चहा पाजतो.

"मग तिला मूठमाती कुणी दिली?"

"आम्हीच अग्नी दिला, साहेब."

"भर समुद्रात, आगबोटीवर?"

त्याने बशी खाली ठेवली. मग सगळं बाहेर आलं. "पोरं मोठी झाली, मेमसाहेबनं तिले तिथंच सोडलं. कुणाले सांगू नको म्हणे. यॉर्क शहर हाये, तिथं इस्टोनगेटवर ऱ्हाते. जास्त मले मालूम नाही."

पुढे कागदी घोडे खूप नाचवले, पण दाद लागली नाही. शेवटी एका खटल्यात साक्षीसाठी मलाच लंडनला धाडलं. साक्ष आटोपल्यावर थोडी रजा मागून मी यॉर्क गाठलं.

स्टेशनबाहेर पडलो आणि घर आठवलं. जुना तट, वेशी, नदी, थेट आमचं बुऱ्हाणपूरच! गार वाऱ्यात कुडकुडत मी पुलावर उभा राहिलो. मला तापी हवी होती, घाटावरचा गलका हवा होता.

इस्टोनगेट म्हणजे दगडी वेस, हे आम्हा वेशीतल्या लोकांना कुणी सांगावं लागतं का? मी वेशीमागून वेस पालथी घातली. सगळ्याच दगडी! अखेर तिथल्या पोलिसाला विचारलं. तो वेशीकडे बोट दाखवून म्हणाला, "हा बार आहे." मी दारू पीत नाही, असं त्याला बजावलं. हसून हसून तो लाल झाला. त्या गावात वेशीला बार म्हणतात आणि रस्त्याला गेट! स्टोनगेट ही एक अरुंद गल्ली निघाली.

तिथे एका खानावळीची पायरी एक सावळी बाई घासत होती. मी म्हणालो, "बाई, राजपुऱ्याची का?"

ती उठली. हातातलं फडकं बादलीत टाकलं. "माय हाये?"

"आहे. वाट बघते."

"भाऊ घरात घेईन?"

"ते मला ठाऊक नाही, बाई," मी म्हणालो. तरी ती निघाली. सरकारदरबारी खटपट करून तिला माझ्याच बोटीत जागा मिळवली.

राजपुऱ्यात भाऊ दारात आडवा उभा होता. "समुंदर पार करून आली. जातवाले काय म्हणतीन? घरात नाही घेनार."

आई त्याच्या हाताखालून बाहेर आली. मुलीचं गाठोडं तिने स्वतःच्या कडेवर घेतलं. "तू ऱ्हाय घरात," ती लेकाला म्हणाली. "मी हिच्यासंग खोली पाहतो."

ठाण्यात मी 'इसम मिळून आला' असा शेरा मारून प्रकरण बंद केलं. माणूस शोधणं पोलिसाचं काम, ते मी केलं. त्याला घरी आणणं माझ्या हातात नव्हतं, ते त्या म्हातारीने केलं.