घाबरलेल्या मेंढीचं कोकरू

लेस्टर ट्रेगॉनिंगचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वेजिनकडे सकाळी दहानंतर पत्र्याला हात लावता येत नाही, म्हणून मेंढ्यांचं काय असेल ते त्याआधी उरकायचं. चहा तो उभ्यानंच प्यायचा. पाव गाडी चालवता चालवता. मी त्याच फार्मवर कुंपणाचं काम करायचो. मी साडेपाचला पोचायचो तेव्हा त्याचा एक पाणवठा धुऊन झालेला असायचा आणि दुसरा अर्धा. धुणं म्हणजे शेवाळ खरवडून काढणं, नुसता पाण्याचा फवारा मारणं नव्हे. फवारा मारणारी माणसं आम्ही पुष्कळ पाहिली. ती टिकली नाहीत.

फार्म पर्थच्या संशोधनवाल्यांचं होतं. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांवर त्यांचं काम चालायचं. अशा बाळाची फुफ्फुसं कच्ची असतात. यंत्रानं हवा भरली तर बाळ जगतं, पण त्याच हवेनं फुफ्फुसं फाटतात आणि मेंदूत रक्त उतरतं. हे कसं टाळायचं ते बाळावर शोधता येत नाही. कोकराची फुफ्फुसं आणि मेंदू बाळासारखेच वाढतात, म्हणून कोकरं. आमच्याकडून गाभण मेंढ्या पर्थला जायच्या. तिथं कोकरू वेळेआधी काढायचे, यंत्रावर ठेवायचे, आईनं केलं नसतं इतकं रात्रंदिवस करायचे. शेवटी त्याला कायमचं झोपवून मेंदूचे आणि फुफ्फुसांचे पातळ काप काढायचे. उत्तर त्या कापांत असायचं. एकही कोकरू परत आलं नाही. लेस्टरला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी कुठल्याच मेंढीवर तो कधी हात उगारत नसे.

हात न उगारण्याचं कारण नुसता स्वभाव नव्हता. मेंढी घाबरली आणि बराच वेळ घाबरलेलीच राहिली, तर तिच्या रक्तात असं काही उतरतं की पोटातल्या कोकराची फुफ्फुसं लवकर पिकतात. आईवर संकट आहे, तेव्हा पिलानं निघायची तयारी ठेवावी, असा तो हिशेब. मेंढपाळाला हे बरंच वाटेल. संशोधनात मात्र हे विष. कोकरू औषधानं जगलं की भीतीनं, ते मग कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मेंढ्यांच्या वाड्यात ओरडायचं नाही, फाटक आपटायचं नाही, आणि कुत्रं तर दृष्टीसही पडू द्यायचं नाही. कुत्र्याशिवाय मेंढ्या हाकणं म्हणजे काय ते आमच्या भागातल्या माणसाला विचारा. जे काम कुत्रं दहा मिनिटांत करतं त्याला लेस्टरची सकाळ जायची. तो कळपाच्या मागून चालायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा.

पबमध्ये त्याची टिंगल व्हायची.

"काय लेस, आज मेंढ्यांना अंगाई म्हटलीस की नाही?"

"म्हटली. तुझी बायको म्हणाली, एवढ्या प्रेमानं माझ्याशी कुणी बोलत नाही."

घरी त्याची टॅन्सी नावाची, मेंढ्या हाकणाऱ्या केल्पी जातीची कुत्री होती, दुसऱ्यांच्या कळपांवर रविवारी काम करायला. फार्मवर ती कधी येत नसे.

त्या जानेवारीत ती आली. गुरुवार होता. शेजारच्या ग्वेन हॅरपच्या मेंढ्यांना आग लागलेल्या रानातून बाहेर काढायला लेस्टर पहाटेच टॅन्सीला घेऊन गेला होता. तिथून तो तसाच फार्मवर आला. पर्थला जायच्या सहा मेंढ्या शनिवारच्या ट्रकसाठी वाड्यात काढून ठेवायच्या होत्या. कुत्रीला त्यानं लांब, फाटकाबाहेर गाडीतच ठेवलं. मेंढ्या आत आल्या, गव्हाणीत चारा पडला, आणि फोन वाजला. त्याची लेक जॉलीन पर्थला असायची. तिचं पहिलंच बाळंतपण, सव्वातीन महिने बाकी होते, आणि पाणी गेलं होतं.

तीन तासांचा रस्ता. उघड्या गाडीत कुत्री भाजून मेली असती. घर उलट्या दिशेला. सावली आणि नळ एकत्र असलेली जागा आसपास एकच, वाड्याला लागून असलेलं छप्पर. त्यानं तिला तिथं बांधलं, टब भरून ठेवला, ग्वेनला घेऊन जायचा निरोप दिला आणि निघाला. मी त्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन करून पडलो होतो. हे सगळं मला त्यानंच नंतर सांगितलं, आणि त्यात स्वतःला वाचवणारा एकही शब्द नव्हता.

नातीचं नाव इरिस ठेवलं. साखरेच्या पिशवीहून हलकी. काचेच्या पेटीत, अंगाला नळ्या, शेजारी यंत्र. जॉलीनचा नवरा खाणीवर होता, तो विमान मिळालं तसा आला. लेस्टर पेटीजवळ उभा राहिला तेव्हा नर्स म्हणाली, "आवाजाला घाबरू नका हं आजोबा. होते सवय."

"सवय आहे," लेस्टर म्हणाला. हाच आवाज त्यानं कोकरांच्या खोलीत ऐकलेला होता.

ती खोली तिथून फार लांब नव्हती. आठवड्याभरानं तो तिकडे गेला. डॉक्टर इंगे ब्राउवर तिथलं सगळं बघायच्या. उंच, कमी बोलणाऱ्या बाई. त्या दिवशी मात्र त्या दारातच भेटल्या.

"लेस, ये, बघ तरी. तुझ्या शनिवारच्या मेंढीचं आहे."

फुफ्फुसं सांभाळायची नवी पद्धत, एका औषधाची, त्या वर्षी चालू होती. काही कोकरांना ती द्यायची, काहींना नाही, पण मोजमाप व्हायला अजून अवकाश होता. समोरचं कोकरू ती पद्धत दिलेलं होतं. यंत्रातला जादा प्राणवायू काढून हवा जवळजवळ साधी केली होती आणि त्याची छाती आपली आपण वर येत होती.

"या वयाचं असं कधी पाहिलं नाही मी," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांना हसताना लेस्टर फार वर्षांनी पाहत होता.

तो तडक हॉस्पिटलात परतला. जॉलीन पेटीला टेकून बसली होती.

"इरिसच्या वयाचं कोकरू आहे तिकडे. श्वास घेतंय गं."

"म्हणजे हिचंही होईल?"

"होईल."

"पण ते औषध हिला देतील का?"

"आत्ता नाही देणार. वर्षं लागतात त्याला. पण इतक्या कच्च्या फुफ्फुसांनी जगता येतं, हे तर दिसलं ना?"

जन्मभरात त्यानं कुणाला हमी दिली नव्हती, कुंपणाच्या खांबाचीसुद्धा. ही दिली. जॉलीनचा चेहरा बदलला. त्या रात्री ती पहिल्यांदा जेवली. मग रोज विचारायची, "कोकरू कसं आहे, बाबा?" आणि तो रोज बघून येऊन सांगायचा.

पुढच्या आठवड्यात मेंढ्यांचं बघायला तो एक दिवस घरी आला. ग्वेन हॅरप टॅन्सीला दोरीनं ओढत घेऊन आली.

"घे तुझी ही भवानी. माझ्या दोन कोंबड्या खाल्ल्या. त्यांची नुकसानभरपाई मी स्वर्गात गेल्यावर मागेन."

"आणलंस कधी तिला?"

"शनिवारी. ट्रक लागला तेव्हाच. आधी कुठून येणार, आमचं रान धुमसत नव्हतं का? आणि काय रे, तुझ्या त्या राजकन्या! सहाच्या सहा लांबच्या कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढून उभ्या. चारा जसाच्या तसा. हिनं दोन दिवस त्यांच्यावरची नजर काढली नसणार."

लेस्टरनं तिला चहा विचारला नाही. ती म्हणे तशीच उभी राहिली थोडी, मग गेली.

गुरुवार सकाळ ते शनिवार. दोन दिवस लांडग्याच्या जातीचं जनावर दोन हातांवर, मध्ये फक्त नळ्यांचं कुंपण. ते कोकरू कशानं श्वास घेत होतं ते त्याला आता माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी चारला उठून तो पर्थला गेला. डॉक्टरबाईंच्या खोलीत त्यानं टोपी काढली आणि सांगितलं. कुत्री कुठे बांधली, किती वेळ, मेंढ्या कशा उभ्या होत्या.

बाईंनी नोंदवही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "सहाही?"

"सहाही."

"मग सहाही बाद."

"मी पुन्हा गाभण करून देईन."

"देशील रे. पण मेंढे सोडायचे ते सप्टेंबरात. वर्ष गेलं." त्यांनी चष्मा काढला. "सांगितलं नसतंस तर आम्ही हे जगाला सांगितलं असतं. डॉक्टरांनी विश्वास ठेवला असता. बाळांवर केलं असतं."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लेस्टर मला म्हणाला. कोकरू त्याच आठवड्यात झोपवलं. त्याचा उपयोग नव्हता, पण जनावराला विनाकारण यंत्रावर ठेवायचं नाही हा तिथला नियम.

मग जॉलीन. तिनं नेहमीसारखं विचारलं. त्यानं खरं सांगितलं.

"ते औषधानं नव्हतं. माझ्या चुकीनं होतं. त्याची फुफ्फुसं कच्ची राहिलीच नव्हती."

जॉलीन पेटीकडेच बघत राहिली.

"मला कशाला सांगितलंस?" ती म्हणाली. "मला तेवढंच तर होतं."

"तू उद्याही विचारलं असतंस."

"मग खोटं बोलायचं होतंस, बाबा. बाप लोक बोलतात."



इरिसच्या मेंदूत रक्त उतरलं होतं, ते चित्रात दिसलं. दोन्ही बाजूंना. फुफ्फुसंही फाटत चालली होती, यंत्राचा जोर वाढवावा तशी जास्तच. शेवटी डॉक्टरांनी नवरा-बायकोला बसवून समजावलं. दुपारी यंत्र काढलं. ती जॉलीनच्या हातावर गेली. लेस्टर खोलीत होता. यंत्र बंद झाल्यावर जी शांतता होते ती त्यानं कोकरांच्या खोलीतही ऐकली होती, पण तिथं लगेच पुढचं काम असायचं.

नंतर एक तरुण डॉक्टर आला. शब्द जपत म्हणाला की, तुमची तयारी असेल तर आम्हाला तिचा मेंदू आणि फुफ्फुसं तपासायची आहेत. नाही म्हणालात तरी चालेल. नवरा भिंतीकडे तोंड करून रडत होता. जॉलीननं बापाकडे पाहिलं.

"तू सांग. हे तुझ्या कोकरांसारखंच ना?"

"हो. तसंच."

"कळेल काही?"

"कळेलही. तुला त्याचा उपयोग नाही. इरिसला तर नाहीच. दुसऱ्या कुणाला होईल असंही मी आता म्हणणार नाही."

"मग करू कशाला द्यायचं?"

"कोकरांना कुणी विचारलं नाही, पोरी. तुला विचारतायत. नको वाटत असेल तर नको म्हण. मी तुझ्या बाजूनं उभा आहे."

ती हो म्हणाली. आनंदानं नाही, विश्वासानंही नाही. तिला नुसतं नाही म्हणायचं बळ उरलं नव्हतं असं मला वाटतं. लेस्टरला तसं वाटायचं नाही. आमचं यावर कधी जमलं नाही.

त्यानं एकच अट घातली. मेंदू मऊ असतो. कापण्याआधी तो काही आठवडे औषधाच्या पाण्यात घट्ट व्हावा लागतो. बहुतेक घरचे तोवर थांबत नाहीत, दफन उरकून घेतात. लेस्टर म्हणाला, आम्ही थांबू. ती पुरी परत यायला हवी.

अहवाल आला. त्यात नवीन काही नव्हतं. सप्टेंबरात मेंढे सोडले, मेंढ्या गाभण राहिल्या, लेस्टरनं त्यांना कुत्र्याचा वाससुद्धा लागू दिला नाही. नवी पद्धत पुन्हा नीट करून पाहिली. पद्धत दिलेली कोकरं आणि न दिलेली, दोन्हींचे काप सारखेच फाटलेले निघाले. डॉक्टरबाईंनी ती सोडून दुसरी धरली. लेस्टर आणखी सहा वर्षं पहाटे चारला उठत राहिला.

इतक्या वर्षांच्या नोकरीची साचलेली लांब पगारी रजा त्यानं कधी घेतली नव्हती. इरिस गेली त्या महिन्यात त्यानं त्या रजेचे पैसे मागून घेतले. त्यातून वेजिनच्या अंत्यसंस्कारवाल्याची पर्थपर्यंतची गाडी झाली, इरिस थांबली तितक्या आठवड्यांचं शीतघर झालं, आणि मेंदू परत आला तेव्हा तो तिच्याजवळ ठेवून शवपेटी नव्यानं बंद करण्याची मजुरी झाली. खड्डा खणायचे पैसे मी घेतले नाहीत. तिथली जमीन लोखंडासारखी आहे, पहारीनं फोडावी लागते, इवल्याशा खड्ड्यालासुद्धा अख्खी सकाळ गेली. उरले त्यात दगड बसला. त्यावर नाव आणि एकच महिना आहे, जन्माचा आणि मृत्यूचा तोच.