बुटासकट देवळात

२००५ साली ऐन हिवाळ्यात, परदेशातल्या आमच्या गावी आल्मेरेत, सायकलवरून पडले आणि गुडघ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण नस दुखावली होती. पाऊल उचलेना, गुडघा पुरता वाकेना. पोटरीपर्यंतची प्लास्टिकची पट्टी बुटात घालून चालावं लागे. ती सकाळी नवरा चढवायचा, रात्री काढायचा. एवढंही मी दातओठ खाऊन सोसत होते. मधल्या वेळात, देवापाशी जायचं म्हणून बूट काढून घ्यायला कुणापुढे पाय करायचा नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. त्यामुळे घरातल्या देव्हाऱ्यापाशीही चार महिने गेले नाही. आई पुण्याहून फोनवर म्हणाली, "त्याचीच इच्छा गं. शरण जा." मी म्हटलं, "पाय घेतला ना त्याने? मन मिळायचं नाही." फोन ठेवल्यावर खूप रडले, पण शब्द मागे घेतले नाहीत.

डॉक्टरांनी उंचसखल जागी जाऊ नका म्हणून बजावलं, तेव्हा मी हट्टाने सिसिलीची तिकिटं काढायला लावली. तिथली ग्रीकांची देवळं पडकी, मूर्ती केव्हाच गेलेल्या. जिथे देवच उरला नाही तिथे बुटासकट शिरायचं, असा माझा बेत होता.

मे महिन्यात समुद्रकाठच्या एका देवळाशी पोचलो. छप्पर नव्हतं, खांब तेवढे उभे. नवरा पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेला, तेवढ्यात मी हात टेकत टेकत एकटीने पायऱ्या चढले आणि वरच्या पायरीवर थबकले. आत नुसतं गवत दिसत होतं, तरी बूट आत पडेना. स्वतःचाच राग आला. नाडी सोडायला वाकले, हात पोचेना. पुन्हा वाकले, तर तोल जायला लागला.

खांबाच्या बुडाशी एक साठीची बाई रानबडीशेप खुडत होती. ती उठून आली, काही न विचारता खाली बसली, नाडी सोडली, पट्टी काढली आणि माझं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं. "नको हो, राहू द्या," मी मराठीतच म्हटलं. ती "पियानो, पियानो" म्हणाली. हळूहळू म्हणत असावी, तिच्या हातांवरून कळलं. त्या हातांना बडीशेपेचा वास होता. दुसराही बूट काढून, कोपराला धरून तिने मला आत नेलं. किती महिन्यांनी तळव्याला उघडा, तापलेला दगड लागला. मी हात जोडले. कुणापुढे, ते अजून सांगता येत नाही. तिने बूट परत चढवून दिले, आणि नवरा येईपर्यंत ती पिशवी घेऊन निघूनही गेली होती. आभार मानायचे राहिले.

घरी परतल्यावर भरदुपारी नवऱ्याला म्हटलं, "अरे, जरा बूट काढून दे. देवापाशी जायचंय." तो खाली बसून नाडी सोडू लागला.

शरण जायला आधी भांडण मिटवावं लागत नाही, एवढं मला तिथे कळलं. त्या बाईचे, आणि तिला नेमकं तिथे पाठवणाऱ्याचे, उपकार मी विसरणार नाही. पाऊल अजून पुरतं उचलत नाही. त्याचा जाब मी देवाला रोज विचारते. फक्त आता अनवाणी विचारते.