काचेवरचा अंगठा

माझ्या बहिणीचा अंगठा इंटरनेटवर आहे. चेहरा नाही, नाव नाही, नुसता अंगठा. असं सांगितलं की लोक माझ्याकडे जरा विचित्रच बघतात, म्हणून आधी नीट सांगते.

कारंज्यातल्या एका जुन्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. काही वर्षांपूर्वी एक योजना आली. ज्या जुन्या पुस्तकांवर आता कुणाचाच हक्क उरलेला नाही, त्यांचे पानोपानी फोटो काढायचे आणि ते सगळ्या जगासाठी खुले ठेवायचे. कार्ड नको, वर्गणी नको, ज्याला हवं त्यानं वाचावं. मला तर आनंदच झाला. आमच्या कपाटांतली निम्मी पुस्तकं तशीही वाळवीच वाचत होती.

फोटो काढायचं मशीन आलं. टेबलावर पुस्तक उघडं ठेवायचं, वरून काच दाबायची, त्याच्यावर कॅमेरा. पण काच आखूड निघाली! पानाचा खालचा कोपरा उघडाच राहायचा आणि उचकायचा. म्हणून तो अंगठ्यानं दाबून धरावा लागे. हे काम माझ्या मोठ्या बहिणीला मिळालं. ताईला जवळच्याच धनज गावात दिलेली, घरी शेती, पोरगी तेव्हा अंगणवाडीत. पोरीला सासूजवळ ठेवून ती रोज एसटीनं यायची आणि दिवसभर पानं उलटायची. मी शेजारी बसून नोंदी करायची. ती वाचत नाही म्हणायची, पण मधेच खुदकन हसायची, म्हणजे वाचत असायची.

दसरा आला. वाचनालयात पुस्तकांची आणि कपाटांची पूजा होतेच. त्या वर्षी ताईनं मशीनलाही झेंडूची माळ घातली, हळद लावली आणि बाटलीतल्या ओल्या कुंकवात अंगठा बुडवून सरळ काचेच्या वरच्या कोपऱ्यात टेकवला. माझं डोकंच सणकलं.

"अवं ताई, काचेले कायले लावतं? फोटोत येईन ना थे!"

"येऊ दे. एवढी राबून राह्यली बिचारी, तिले नको का कुंकू?"

"अन् अंगठ्यानं? कुंकू काय अंगठ्यानं लावतेत?"

"बाकीच्या बोटाइले हळद लागली हाय माह्या. तू गप बस."

मी फडकं घेऊन पुसायला गेले तर तिनं माझं मनगट धरलं. पूजेचं पुसायचं नाही म्हणाली. मी फडकं टाकून दिलं. ते बाटलीतलं कुंकू एकदा वाळलं की रंगासारखं चिकटतं. रोज काच पुसताना मी तेवढा कोपरा सोडायला लागले, आणि हळूहळू तो डाग मला दिसेनासा झाला.

पुढच्या उन्हाळ्याआधी ताई आजारी पडली. रक्ताचा आजार होता. कपाशीवरच्या किडींचं एक जुनं पुस्तक अर्ध्यावर ठेवून ती नागपूरला दवाखान्यात गेली ती परत आली नाही. उरलेली पानं मीच धरली. कामच होतं ते, करावं लागलं.

पुढची गोष्ट पोरगी सहावीत गेली तेव्हाची. शनिवारी सकाळची शाळा करून ती एसटीनं माझ्याकडे आली. बापाचा मोबाईल हातात होता. दुपारची वेळ, वाचनालयात चिटपाखरू नाही. माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "मावशी, तुले एक गंमत दाखवू?"

तिनं ते कपाशीचं पुस्तक उघडलं आणि बोटानं भराभरा पानं सरकवायला लागली. पानाच्या कोपऱ्यात ताईचा अंगठा होता. बाहेरच्या बाजूला वाकलेला, नखावर उभी रेघ असलेला. पानं जोरात सरकली तसा तो हलायला लागला. इकडे सरके, जरा दबे, पुन्हा वर येई. जिवंत होता, अगदी जिवंत!

"आई पानं उलटून राह्यली," ती म्हणाली. "आता पाह्य. इथून तिच्या बांगड्या गेल्या."

खरंच, आधी पानाच्या कडेला हिरव्या बांगडीचा तुकडा दिसत होता, मग नाही. मग अंगठा बारीक होत गेला. नख पांढरं पडत गेलं. मी रोज शेजारी बसत होते आणि मला हे दिसलं नव्हतं. या पोरीनं मात्र पान अन् पान पाहून ठेवलं होतं.

"अन् इथी थांबते ती," म्हणत तिनं बोट उचललं. "याच्या पुढं तू हायस. पुढं मी पाहात नाई."

मी उठून उगीच वर्तमानपत्रांची चळत सारखी करत बसले.

त्यानंतर दर शनिवारी ती यायची आणि तेच करायची. तिला आईचा आवाज आठवत नव्हता. घरात लग्नातले फोटो होते, पण त्यातली नटलेली बाई आपली आई वाटत नाही म्हणायची. तिच्या मते तिची आई त्या कोपऱ्यात होती आणि काम करत होती. मला ते बरं वाटत नव्हतं. भीतीही वाटायची. पण कोणत्या तोंडानं नको म्हणू?

मग एके दिवशी त्या योजनेच्या लोकांचं ईमेल आलं. सगळ्या जुन्या फोटोंची साफसफाई झाली आहे. बोटं, डाग, वाळवीची भोकं प्रोग्रामनं आपोआप काढली आहेत. वाचकांना आता स्वच्छ पानं मिळतील. आमचे सचिव तर खूश.

"चला, बरं झालं बाई," ते म्हणाले. "जगभर लोक आपली बोटं पाहून राह्यले होते."

मी त्यांना ताईचं सांगितलं. ते म्हणाले, "पण थे आता आपल्या हातात कुठी हाय?" बरोबरच होतं. जे सगळ्यांचं झालं ते आमचं उरलं नव्हतं. मूळ फोटो ज्या कॉम्प्युटरवर होते तो तर व्होल्टेजच्या भानगडीत केव्हाच जळला होता.

शनिवारी पोरगी आली तेव्हा तिला कळलेलंच होतं. रडली नाही. मोबाईल माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "मावशी, आईले कोनं काढलं?"

मी मोबाईल हातात घेऊन पाहिला. कोपरे कोरे होते. नुसते कोरे नाही, अंगठ्याखाली जी अक्षरं झाकली होती तीही तिथं आली होती. मला शंका आली. कपाटातून मूळ पुस्तक काढलं आणि ताडून पाहिलं. पुस्तकात होतं, किडीवर चुन्याची निवळी शिंपडावी. मोबाईलवर होतं, मिठाचं पाणी शिंपडावं. प्रोग्रामनं मनानंच लिहून टाकलं होतं! तोच टाइप, तीच शाई, कुणाला शंकाही येऊ नये. आणखी पानं पाहिली. जिथं जिथं ताईचा अंगठा होता तिथं तिथं कुणीतरी, जे कुणीच नव्हतं, बोलत होतं.

मी त्या वाक्यांच्या मागे लागले होते तेवढ्यात पोरगी म्हणाली, "हे लाल काय हाय?"

पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक लालसर गोल खूण होती. तिनं पान सरकवलं. पुढच्यावर होती. त्याच्या पुढच्यावरही, अगदी त्याच जागी. "मले वाटलं शिक्का हाय," ती म्हणाली. प्रोग्रामलाही तसंच वाटलं असणार, कारण वाचनालयाचे शिक्के काढायचे नाहीत असं त्या ईमेलमध्येच होतं. मी खूण मोठी करून पाहिली. त्यात रेषा होत्या.

"अवं बापा," माझ्या तोंडून निघालं. मी तिला दसऱ्याचं सांगितलं.

ती किती तरी वेळ पानं सरकवत राहिली. आता थांबली नाही. जिथं तिची आई थांबायची ते पान आलं आणि गेलं. "मावशी, तू धरलेल्या पानाइवर बी हाय ती," ती हळूच म्हणाली. ताई गेल्यावर मी जी पानं काढली, सगळ्यांवर ती होती. मी एकटीच काम करते आहे असं समजत होते.

मग ती उठून मशीनपाशी गेली आणि काचेवरच्या डागावर तिनं स्वतःचा अंगठा ठेवला. चारी बाजूंनी लाल उरलं.

"माहा लहान हाय अजून," ती म्हणाली.

मी तक्रार केली, चांगली खरमरीत. मिठाच्या पाण्यानं कुणाची कपाशी जळाली तर जबाबदार कोण, असं विचारलं. उत्तर आलं की त्या पानांचे नवे फोटो पाठवा, बदलून देऊ. सचिव म्हणाले, या खेपेला लांब काच बसवा, बोटांची कटकटच नको. काचवाले चाचा आले. त्यांनी चौकट खोलली, जुनी काच उजेडात धरली आणि विचारलं, "बाई, हे लाल घासून देऊ का?"

"नका," मी जरा जोरातच म्हणाले.

"किसका है?"

"माझ्या बहिणीचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि काच होती तशी परत बसवली. "लंबी काच कायले पाहिजे? चांगली तर हाय हे," म्हणाले आणि पैसेही न घेता गेले. सचिवांनी विचारलं, काच स्वच्छ केली ना? मी म्हटलं, चकचकीत.

पुढचे कित्येक शनिवार पोरगी पान धरायची आणि मी बटण दाबायची. तिनं अंगठा पार कडेला ठेवायचा, अक्षरावर नाही, हे मी बजावलं होतं. चुन्याची निवळी परत आली. काम संपलं तरी ती येत राहिली. आली की आधी मशीनपाशी जायची, डागावर अंगठा ठेवून पाहायची आणि मग दप्तर काढायची. मला तो प्रकार आवडत नव्हता. तिचा अंगठाही बाहेरच्या बाजूलाच वाकतो. तो मोठा होत होता, आणि एक दिवस तो तिथं बरोबर बसेल याची मला धास्ती होती. का ते मला सांगता येत नव्हतं.

यंदा दसरा होऊन गेल्यावर ती आली. आता दहावीत आहे, माझ्याएवढी झाली आहे. सकाळपासून लाइट नव्हती. पंखे बंद, मशीन बंद, बाहेर रस्ताही सुनसान. ती नेहमीसारखी मशीनपाशी गेली आणि बराच वेळ वळलीच नाही.

"बसला, मावशी."

मी जवळ गेले. लाल कुठंच दिसत नव्हतं.

"उचल आता," मी म्हटलं.

तिनं उचलला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "गरम हाय. तू लावून पाह्य."

मी उन्हाकडे पाहिलं. ऊन टेबलापासून लांब होतं. सगळी दुपार ती मला लावून पाहा म्हणत राहिली आणि मी काहीतरी कामं काढत राहिले. ती गेल्यावरही मी काचेला हात लावला नाही. मला गार लागली असती तर?